पोर्ट्रेट फोटोग्राफीच्या पुस्तकांच्या सहीवाल्या पहिल्या आवृत्त्या: चार प्रती समोर आहेत, कोणती घ्यावी?

फडताळ
---
पोर्ट्रेट फोटोग्राफीची पुस्तकं आता जरा शिस्तीत जमवायची आहेत. शक्यतो पहिली आवृत्ती आणि फोटोग्राफरची सही, असं ठरवलंय. सध्या परदेशातल्या वेगवेगळ्या विक्रेत्यांकडच्या चार प्रती डोळ्यांसमोर आहेत:

(अ) डिअ‍ॅन आर्बसचं अ‍ॅपर्चरने काढलेलं १९७२चं पुस्तक. विक्रेता म्हणतो, 'पहिली आवृत्ती, सहीसह'.
(आ) फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडॉन आणि लेखक जेम्स बाल्डविन यांचं 'नथिंग पर्सनल', १९६४. अ‍ॅव्हेडॉनची सही आहे. वर्णनात 'जॅकेट नाही, स्लिपकेस नाही' असं लिहिलंय (जॅकेट म्हणजे पुठ्ठ्यावरचं सुटं वेष्टण, स्लिपकेस म्हणजे पुस्तक आत सरकवायची पेटी).
(इ) युसुफ कार्श, 'पोर्ट्रेट्स ऑफ ग्रेटनेस', १९५९. जॅकेट आहे, पण सही कुणा एका गृहस्थाच्या नावे आहे.
(ई) सूनी तारापोरवाला यांचं 'पारसीज', २००४, ओव्हरलुक प्रेस. 'पहिली आवृत्ती, सहीसह'.

एकच घेता येईल. फोटोंवरून सही कितपत पारखता येते? पार्सल इथे आणताना काय बघावं? आणि घर ठाण्यात, खाडीच्या बाजूला आहे, त्यामुळे पावसाळ्यात ही पुस्तकं टिकवायची कशी, तेही सांगा.

---

रोटोग्रॅव्हिअर
---
(अ) आधी बाद करा. आर्बस २६ जुलै १९७१ रोजी गेली आणि पुस्तक आलं १९७२च्या शेवटी, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या प्रदर्शनाच्या वेळी. म्हणजे या पुस्तकावर तिची सही असूच शकत नाही. विक्रेता लबाड असेलच असं नाही. पुस्तकाचं संपादन तिची मुलगी डून आर्बस आणि मार्व्हिन इझ्रायल यांनी केलं होतं, आणि डूनने सही केलेली प्रत असू शकते. घाईत फक्त आडनाव वाचलं की गोंधळ होतो. सहीचा फोटो मागवा आणि पहिलं नाव पूर्ण, नीट वाचा, कारण दोघींचं पहिलं अक्षर एकच. डूनची सही निघाली तर तो वेगळा माल आहे, भावही वेगळा.

सही बाजूला ठेवली तरी त्या पुस्तकाची पहिली छपाई शोधण्यासारखी आहे. तिची खूण चित्रात आहे: सेंट्रल पार्कमध्ये एकसारखे रेनकोट घातलेल्या दोन मुलींचा १९६९चा फोटो. आक्षेप आल्यावर पुढच्या छपायांतून तो काढला. कॉपीराइटच्या पानावर विसंबू नका. 'तो फोटो आहे का, असल्यास त्या पानाचा फोटो पाठवा' एवढंच विचारा. जाणकार विक्रेता त्याच दिवशी फोटो पाठवतो.

(आ) 'जॅकेट नाही' हा दोष नव्हेच. हे पुस्तक जॅकेटशिवायच निघालं होतं, पांढऱ्या पुठ्ठ्यात, वर पांढरी स्लिपकेस. विक्रेत्याने जॅकेटचा अभाव नोंदवलाय यावरून त्याला पुस्तक फारसं माहीत नाही एवढं कळतं. स्लिपकेस नसणं मात्र मोठी उणीव आहे. पुस्तक आकाराने मोठं, वजनाने जड, रंग पांढरा. पेटी नसलेल्या प्रतीचे कोपरे दबतात, कणा पिवळा पडतो, पुठ्ठ्यावर हातांचे डाग राहतात. पेटी नंतर सुटी मिळत नाही. मिळाली तर दुसऱ्या कुणाचं पुस्तक उघडं पडलेलं असतं.

छपाई मात्र बघत राहावी अशी: स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नला बुखरच्या छापखान्यात ग्रॅव्हिअर पद्धतीने (कोरलेल्या खळग्यांतून कागदावर शाई उतरवून) छापलेलं. दहापट भिंगाखाली ऑफसेटसारखे ठळक टिंब दिसत नाहीत, काळा रंग मखमलीसारखा सलग उतरतो. २०१७मध्ये टाशेनने पुनर्मुद्रण काढलं, ते प्रकाशकाच्या नावावरूनच ओळखता येतं. त्यावर अ‍ॅव्हेडॉनची सही दिसली तर हसून सोडून द्या, तो २००४मध्ये गेला.

बाल्डविनचीही सही असलेली प्रत दिसली तर ती १ डिसेंबर १९८७च्या आधी सह्या झालेली असली पाहिजे, कारण त्या दिवशी बाल्डविन गेला. दोघे ब्राँक्समधल्या एकाच शाळेत होते आणि शाळेचं मासिक मिळून काढत. त्यामुळे या पुस्तकावर दोन सह्यांचं मोल नुसत्या बेरजेइतकं नसतं. पण तुमच्या प्रतीत एकच सही आहे, तेव्हा हे फक्त माहितीसाठी.

(इ) घेण्यासारखं. खाली सविस्तर लिहितो.

(ई) पुस्तक उत्तम, पण 'पहिली आवृत्ती' हा शब्द अर्धाच खरा. मूळ पुस्तक २०००मध्ये मुंबईत गुड बुक्सने काढलं. २००४चं ओव्हरलुकचं म्हणजे पहिली अमेरिकन आवृत्ती. ती ओव्हरलुकची पहिली, पुस्तकाची नव्हे. मुंबईकर संग्राहकाने ते न्यूयॉर्कहून जहाजभाडं भरून का मागवावं? मुंबईची २०००ची प्रत फोर्टच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि पारशी घरांतून निघणाऱ्या गठ्ठ्यांत शोधा. लेखिका मुंबईच्याच आहेत, त्यामुळे सहीवाल्या प्रती इथेच जास्त सापडण्याची शक्यता.

---

रोटोग्रॅव्हिअर
---
कार्शबद्दल. १९५९चं 'पोर्ट्रेट्स ऑफ ग्रेटनेस' म्हणजे ९६ पोर्ट्रेट्स, नेदरलँड्समध्ये हार्लेमच्या एन्स्खेडे छापखान्यात ग्रॅव्हिअरने छापलेली. कॅनडात टोरांटो विद्यापीठाच्या प्रेसने आणि बाहेर थॉमस नेल्सनने काढलं. पुस्तक खूप खपलं आणि पुन्हा पुन्हा छापलं गेलं, म्हणून कॉपीराइटच्या पानावर नंतरच्या छपाईचा उल्लेख नाही ना, ते नक्की बघा. 'कॉपीराइट १९५९' ही ओळ प्रत्येक छपाईत तशीच राहते. मराठीत 'पहिली आवृत्ती' आणि त्याखाली 'पुनर्मुद्रण' अशा वेगळ्या ओळी असतात, तशी सोय इंग्रजी पुस्तकांत नेहमी नसते.

कार्श भरभरून सह्या करायचा. त्याची सही दुर्मीळ नाही, म्हणून तिच्यासाठी दुप्पट पैसे मोजायचं कारण नाही. मोजायचे ते जॅकेटच्या अवस्थेसाठी. काळं मोठं जॅकेट वरच्या कडेला फाटतं, आणि आतून चिकटपट्टी लावलेली असेल तर पन्नास वर्षांत ती तपकिरी होऊन बाहेर उमटते. जॅकेटची आतली बाजू दाखवणारा फोटो मागा.

---

शाईबाज
---
सही पारखण्याबद्दल लिहितो. फोटोवरून 'खरी' असं म्हणता येत नाही, 'खोटी' असं मात्र बऱ्याचदा म्हणता येतं. तेवढंही पुरतं.

विक्रेत्याकडे हे फोटो मागा: सहीचं पूर्ण पान, चारही कडांसह. सहीचा अगदी जवळून फोटो. तेच पान दिवा एका बाजूला ठेवून तिरप्या उजेडात. त्या पानाची मागची बाजू. समोरचं पान. आणि पान शिवणीत जिथे शिरतं ती घडी. घडीचा फोटो कुणी मागत नाही, आणि नेमका तोच महत्त्वाचा. पान फर्म्याचा (घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांच्या संचाचा) भाग असेल तर शिवणीत दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार असतो. नंतर चिकटवलेलं असेल तर घडीपाशी डिंकाची दोन-तीन मिलिमीटरची रेघ आणि किंचित उंचवटा दिसतो.

चिकटवलेलं पान म्हणजे फसवणूकच असं नाही. हल्ली प्रकाशक सुटे कागद फोटोग्राफरकडे पाठवतात, तो एका बैठकीत शेकडो सह्या करतो आणि ते कागद बांधणीत घालतात. सही खरीच, पण ते पुस्तक त्याच्या हाताखालून गेलेलं नसतं. स्टिकरवरची सही त्याहून खालची, कारण स्टिकर कुणीही कुठल्याही प्रतीवर लावू शकतो.

तिरप्या उजेडात दाब दिसला पाहिजे. बॉलपेन कागदात खोबण करतं आणि मागच्या बाजूला ती बोटाला जाणवते. छापील सहीला खोबण नसते आणि भिंगाखाली ती बारीक टिंबांची निघते. स्वाक्षरी-यंत्राची सही सगळीकडे सारख्याच जाडीची असते, सुरुवातीला आणि शेवटी शाईचा ठिपका पडलेला. त्याच फोटोग्राफरच्या दोन सह्या तंतोतंत एकमेकींवर बसल्या तर दोन्ही संशयास्पद. माणूस दोनदा अगदी सारखी सही करत नाही.

आर्ट पेपरवर शाई शोषली जात नाही, वरच बसते. म्हणून जाणते फोटोग्राफर गुळगुळीत पान टाळून अस्तराच्या किंवा नुसतं नाव छापलेल्या पहिल्या पानावर सही करतात. आर्ट पेपरवर ओली सही करून पुस्तक लगेच मिटलं की समोरच्या पानावर उलटा ठसा उमटतो. दिसायला वाईट, पण सही त्या पुस्तकातच झाली याचा तो चांगला पुरावा. तो पुसायला जाऊ नका. काहींना ओला कापूस फिरवून शाई 'तपासायची' खोड असते, ते तर अजिबातच नको.

मग पेनाचं वय. अमेरिकेत बॉलपेनं ऑक्टोबर १९४५मध्ये विकायला आली, शार्पी मार्कर १९६४मध्ये. जेल पेन जपानमध्ये १९८४च्या सुमाराला निघालं. कार्शच्या १९४६च्या 'फेसेस ऑफ डेस्टिनी'वर मार्करची सही असेल तर हरकत नाही, त्याने ती १९८०मध्येही केली असेल. पण मार्करच्या सहीखाली '१९४७' अशी तारीख असेल तर खेळ संपला.

३६५ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेऊन ठेवा, फार महाग नसतो. साधारण १९५०नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी घातलेली रसायनं त्या उजेडात निळसर चमकतात. १९२९च्या पुस्तकातलं एखादं पान चमकलं तर ते नंतर घातलेलं. खोडलेलं नावही याच उजेडात दिसतं. 'अमक्यास सप्रेम' यातला 'अमका' खरवडून नुसती सही शिल्लक ठेवलेल्या प्रती बाजारात असतात. खरवडलेली जागा पातळ असते आणि आजूबाजूच्या कागदापेक्षा वेगळी चमकते.

'प्रामाणिकतेचं प्रमाणपत्र' या कागदाला माझ्या लेखी शून्य किंमत, देणारा कोण हे माहीत नसेल तर. त्यापेक्षा प्रदर्शनाचं तिकीट, दुकानाची त्या दिवसाची पावती, लिलावाचा लॉट क्रमांक बरा. एबीएए किंवा आयएलएबी या विक्रेत्यांच्या संघटनांचा सदस्य असेल तर सही खोटी निघाल्यावर प्रत परत घेण्याची हमी लेखी मागा, ते देतात.

---

फडताळ
---
(अ) बाद. विक्रेत्याला विचारलं, सही 'डी. आर्बस' अशी आहे म्हणे. म्हणजे डूनचीच असणार. :-)

(इ)ची सही 'टु' करून एका नावाने आहे. नाव लिहिलेलं असलं की किंमत पडते, हे खरं का?

---

पहिलीपान
---
पडते, पण ते नाव कुणाचं यावर सगळं अवलंबून. अनोळखी नाव असेल तर नुसत्या सहीपेक्षा प्रत थोडी स्वस्त मिळते. ज्याचं पोर्ट्रेट पुस्तकात आहे त्यालाच दिलेली प्रत असेल तर गणित उलटं होतं, तिला संग्राहक डोक्यावर घेतात. पोर्ट्रेटच्या पुस्तकांत हे नेहमी तपासावं: ९६ जणांची यादी काढा आणि नाव त्यात आहे का बघा. त्यांचे सचिव, छापखान्याचे लोक, संपादक हेही मोजायचे. पुस्तकाच्या आभाराच्या पानावर नाव सापडलं तर विक्रेत्याच्या ते लक्षात यायच्या आत पैसे पाठवा.

आणखी एक प्रकार असतो: पोर्ट्रेटमधल्या माणसानेच आपल्या चित्रावर केलेली सही. फोटोग्राफर हॅल्समनच्या १९५९च्या 'जंप बुक'वर (उडी मारताना टिपलेल्या नामवंतांचे फोटो) त्या उडी मारणाऱ्यांच्या सह्या लोक गोळा करायचे. ती सही 'फोटोग्राफरची सही' म्हणून विकली जाता कामा नये, आणि तिची पारखही वेगळी करावी लागते. एकाच पुस्तकावर दहा नामवंतांच्या सह्या एकाच शाईत, एकाच दाबाने दिसल्या तर एकाच हाताने केल्या असं समजा.

---

शाईबाज
---
इथे थोडा असहमत. अनोळखी नाव असलेली सही मी नुसत्या सहीपेक्षा आधी घेईन, स्वस्त मिळते म्हणून नव्हे. खोटं करणाऱ्याला चार अक्षरांचा आकार जमवणं सोपं असतं. 'टु', एक नाव, एखादी ओळ आणि तारीख असा मजकूर त्याच हातात उतरवणं अवघड. जास्त अक्षरं म्हणजे पारखायला जास्त जागा. मोठ्या नावांच्या बाबतीत तर नुसती, कोरी सही दिसली की मी दोनदा बघतो.

---

पहिलीपान
---
मान्य. विकताना मात्र तुम्हाला 'नुसती सही हवी' म्हणणारेच गिऱ्हाईक जास्त भेटेल.

पहिली छपाई ओळखायच्या खुणा प्रकाशकागणिक बदलतात. पोर्ट्रेटवाल्यांना लागणाऱ्या तेवढ्या देतो.

क्नॉफ: पहिल्या छपाईवर 'फर्स्ट एडिशन' असं स्पष्ट लिहितात. मेरी एलन मार्क यांचं कामाठीपुऱ्यावरचं 'फॉकलंड रोड', १९८१, यात तेच बघायचं. २००५मध्ये श्टाइडलने ते पुन्हा काढलं. त्या २०१५पर्यंत हयात होत्या, म्हणून २००५च्या प्रतीवरही खरी सही असू शकते. फक्त ती पहिली आवृत्ती नव्हे.

रँडम हाउस: इथे अनेकजण फसतात. कॉपीराइटच्या पानावर छापलेल्या आकड्यांच्या ओळीतला सर्वांत लहान आकडा म्हणजे छपाईचा क्रमांक, हा सर्वसाधारण नियम. पण रँडम हाउस कित्येक वर्षं पहिल्या छपाईत ओळ २वर संपवायचं आणि सोबत 'फर्स्ट एडिशन' हे शब्द छापायचं. दुसऱ्या छपाईत फक्त शब्द काढायचे, २ तसाच. म्हणजे शब्द अधिक २ ही पहिली छपाई, नुसता २ ही दुसरी. अ‍ॅव्हेडॉनची १९९३ आणि १९९४ची मोठी पुस्तकं याच प्रकाशकाची आहेत. त्याची खरी सही वाजवी भावात हवी असेल तर 'नथिंग पर्सनल'पेक्षा १९९४चं 'एव्हिडन्स' शोधा. ते व्हिटनी म्युझियममधल्या मोठ्या प्रदर्शनाबरोबर आलं होतं.

एब्रम्स: अ‍ॅव्हेडॉनचं 'इन दि अमेरिकन वेस्ट', १९८५. त्याचं जॅकेट म्हणजे छापील पारदर्शक अ‍ॅसिटेट, एक प्रकारची प्लास्टिकची फिल्म. ते कडक होऊन कडांना चिरतं, म्हणून जॅकेट शाबूत असलेल्या प्रतीचा भाव वेगळा. २००५ची वर्धापन आवृत्ती दिसायला जवळची आहे, पण ती अ‍ॅव्हेडॉनच्या मृत्यूनंतरची. तिच्यावर सही असल्यास वर रोटोग्रॅव्हिअर यांनी म्हटल्याप्रमाणे हसून सोडा.

जपानी पुस्तकं: छपाईची तारीख आणि क्रमांक शेवटच्या पानावर असतो, पुढे शोधत बसू नका. हिरोह किकाई यांचं २००३चं 'पर्सोना' (आसाकुसाच्या देवळासमोर उभे केलेले लोक, साधी भिंत, बस्स) कागदी पट्ट्यासकट असेल तरच पूर्ण समजतात. तो पट्टा जाहिरातीचा म्हणून लोक फाडून टाकतात. तुम्ही जपून ठेवा.

बुक क्लबची प्रत पहिल्या आवृत्तीसारखीच दिसते. जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत नसेल आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात लहान खळगा असेल तर ती बुक क्लबची. किंमतीचा कोपरा नुसता कात्रीने कापलेला असेल तर बहुधा भेट दिलेली प्रत, पण कधीकधी बुक क्लबचं जॅकेट लपवायलाही तो कापतात.

विक्रेत्यांची श्रेणीही समजून घ्या. 'गुड' म्हणजे चांगलं नव्हे, रद्दीच्या एक पायरी वर. 'व्हेरी गुड'मध्ये दोष असतातच. संग्रहासाठी त्यावरच्या 'निअर फाइन'खाली (जवळपास निर्दोष) जाऊ नये.

---

रोटोग्रॅव्हिअर
---
एक पुरवणी, कारण 'सही' या शब्दाने आपण सगळेच जरा वाहवत चाललोय. आउगुस्ट झांडरचं १९२९चं 'आंतलिट्झ डेर त्साइट', ६० पोर्ट्रेट्स. नाझींनी १९३६मध्ये त्याचे छपाईचे ठसे नष्ट केले. त्याची बिनसहीची पण बऱ्या अवस्थेतली प्रत कुठल्याही सहीवाल्या नव्या पुस्तकाला मागे टाकते. उलट बाजूला हेल्मुट न्यूटनचं १९९९चं 'सुमो': १०,००० प्रती, प्रत्येकीवर क्रमांक आणि सही, वजन तीस किलोंच्या आसपास. सही आहे, क्रमांक आहे, पण दहा हजार म्हणजे दुर्मीळ नाही. पुस्तकाचा स्टँड हरवला असेल तर तेही विचारात घ्या.

मराठीपुरतं सांगायचं तर गौतम राजाध्यक्षांचं 'चेहरे'. ते १३ सप्टेंबर २०११ रोजी गेले. त्यानंतरची तारीख टाकलेली सही दिसली तर काय समजायचं ते सांगायला नको.

---

बंदरावरचा
---
आणण्याबद्दल. कुरिअर खऱ्या वजनावर नव्हे, आकारमानावर पैसे लावतो: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ४५ × ४० × १५चा खोका म्हणजे ५.४ किलो धरतात, आतलं पुस्तक तीन किलोंचं असलं तरी. तरीही लहान खोक्याचा आग्रह धरू नका. दोन खोके, एकात एक, मध्ये सगळीकडून ५ सेंटिमीटर गादी. आतल्या खोक्यात पुस्तक हललं नाही पाहिजे. हलवल्यावर आवाज आला की कोपरे गेले.

स्लिपकेस असेल तर तिच्या उघड्या बाजूवर जाड पुठ्ठा टेकवून मग गुंडाळायला सांगा. नाहीतर पार्सल आपटल्यावर पुस्तक आत सरकतं आणि पेटीचा सांधा त्याच्या वजनाने उसवतो. अ‍ॅसिटेट जॅकेटवर चिकटपट्टी थेट लावू नका, हे लेखी कळवा. लोक लावतात.

कर: २०१९च्या अर्थसंकल्पात छापील पुस्तकांच्या आयातीवर ५ टक्के मूळ सीमाशुल्क आलं. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण ५.५. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य. आकारणी पुस्तकाची किंमत, भाडं आणि विमा या बेरजेवर होते: ४०० डॉलरचं पुस्तक, १०० डॉलर भाडं आणि विमा, तर शुल्क साडेसत्तावीस डॉलर. अर्थसंकल्पात दर बदलतात, मागवण्याआधी चालू दर बघा. इन्व्हॉइसवर 'प्रिंटेड बुक' आणि ४९०१ हा सांकेतांक विक्रेत्याला ठळक लिहायला सांगा. नुसतं 'कलेक्टिबल' किंवा 'आर्ट' लिहिलं की पार्सल दुसऱ्या रकान्यात जातं आणि दर चढतो. पार्सल सीमाशुल्कातून सोडवण्याचे कुरिअरचे पैसे वेगळे, लहान पार्सलवर ते कधीकधी शुल्कापेक्षा जास्त निघतात.

किंमत कमी दाखवायला सांगू नका. पार्सल भिजलं तर विमा दाखवलेल्या किंमतीचाच मिळतो. जून ते सप्टेंबरमध्ये मागवलंत तर आतलं पुस्तक पॉलिथिनमध्ये सीलबंद हवं.

---

कसरवैरी
---
पावसाळा हा माझा विषय.

आर्ट पेपरला पाणी लागलं तर पानावरचा लेप विरघळून पानं एकमेकांना चिकटतात, आणि वाळल्यावर सुटत नाहीत. ग्रॅव्हिअरच्या जुन्या पुस्तकांचा कागद बहुधा लेप नसलेला असतो, तो थोडं सहन करतो. पण बुरशी दोघांनाही लागते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांवर काही दिवस राहिली की बुरा धरायला लागतो, आणि खाडीकाठी जुलैत खोलीतला आकडा ८०च्या पुढे सहज जातो. लक्ष्य ४५ ते ५५.

आधी आर्द्रतामापक घ्या आणि तो खरा आहे का बघा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूइतकं करा, विरघळवायचं नाही. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ दिसला पाहिजे. ७० दिसला तर मापक ५ कमी दाखवतो, तेवढे मिळवत जा.

मोजकीच पुस्तकं असतील तर घट्ट झाकणाचा ५० लिटरचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा. त्यात २५० ते ५०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल, कापडी पिशवीत, पुस्तकाला न टेकवता. रंग हिरवा झाला की ओव्हनमध्ये साधारण ११० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. जास्त जेल घालून आर्द्रता ३५खाली नेऊ नका. पुठ्ठे वाकतात आणि जुनं अ‍ॅसिटेट तडकतं. पुस्तकं डब्यात घालताना बाहेरची हवा कोरडी हवी. भर पावसात भरलेला डबा म्हणजे ओलावा कोंडणं.

वीसेक पुस्तकांच्या वर गेलात तर खोलीत डीह्युमिडिफायर आणि पावडर-कोटिंगचं लोखंडी कपाट, भिंतीपासून चार बोटं पुढे. बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटात पाठीमागून बुरशी येते. मोठी पुस्तकं आडवी ठेवा, एकावर एक तीनच्या वर नको. उभं ठेवलं तर पानांच्या वजनाने गठ्ठा पुठ्ठ्यातून खाली ओघळतो आणि वरचा सांधा फाटतो.

जॅकेटला पॉलिस्टर फिल्मचं कव्हर घाला. वह्यांना घालतो ते पीव्हीसी नको, ते घाम सोडतं आणि शाई ओढून घेतं. लॅमिनेशन म्हणजे तर पुस्तकाचा अंत्यविधी. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकच्या कव्हरवर आणि पानांवर पुन्हा जमते. कसर लागते ती धूळ आणि ओल असते तिथे. दर महिन्याला पुस्तक उघडून, पानं चाळून, मऊ ब्रशने वरची कड झटकली तर औषधाची गरज पडत नाही.

---

फडताळ
---
सगळ्यांचे आभार. (इ)च्या विक्रेत्याला कॉपीराइटचं पान, शिवणीची घडी आणि जॅकेटची आतली बाजू असे फोटो मागितले. कॉपीराइटच्या पानावर १९५९शिवाय दुसरी तारीख नाही आणि नंतरच्या छपाईचा उल्लेख नाही. सहीचं पान फर्म्यातलंच दिसतं. जॅकेटला आतून वरच्या कडेला चिकटपट्टी आहे, साधारण बोटभर. नाव ९६ जणांत नाही.

---

रोटोग्रॅव्हिअर
---
चिकटपट्टी बाहेर उमटलीय का?

---

फडताळ
---
फोटोत तरी नाही.

---

रोटोग्रॅव्हिअर
---
मग घ्या. पट्टीचा मुद्दा काढून किंमत थोडी खाली आणा आणि प्रत आली की ती पट्टी स्वतः सोलू नका. स्वतः सोललीत तर सोबत जॅकेटचा कागदही निघून येतो, कागद-संवर्धन करणाऱ्याकडून काढून घ्या.

---

पहिलीपान
---
आणि आभाराचं पान बघितलंत का?